एक वाजला की मी परत का फिरतो

डोंगरात बरोबर नेलेल्या माणसांना दुपारी एक वाजला की मी माघारी का फिरवतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे तुम्ही पहिले नाही. गेल्या रविवारी दोघांनी विचारलं. त्याआधी सातपुड्यात मनुदेवीच्या वरच्या डोंगरात एका ताईंनी विचारलं, पण तो प्रश्न कमी आणि टोमणा जास्त होता. "सर, टोक तर हे समोर दिसतंय. अर्ध्या तासाचं काम. आणि तुम्ही माघारी फिरवताय?"

एक वाजला की माघारी, टोक आलेलं असो वा नसो. सकाळी निघताना हे सांगितलं की सगळे माना डोलावतात. एकला दहा कमी असताना मात्र मागून कुणीतरी ओरडतं, "सर, घंटा झाली का?" मग हशा. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे हा नियम म्हणजे मास्तरकीची खोड असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलंय. कुणी वय म्हणतं, कुणी बी.पी. म्हणतं, कुणी सरळ भित्रा म्हणतं. बी.पी. आहे. भित्रेपणाचं पुढे बोलू.

आधी हिशेब, कारण तो कुणी ऐकून घेत नाही. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आत मावळतो. सहातून दीड तास राखून ठेवायचा, कुणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, कुणाला चक्कर आली, त्यासाठी. उरले साडेचार. लांबच्या डोंगरावरून उतरायला साडेतीन तास धरायचे. झाला एक. उतरणं लवकर होतं हा घाटरस्त्यावरचा समज आहे. आपल्या जंगलात घसारा असतो, त्यावर सागाची वाळलेली पानं पडलेली असतात आणि पानांखाली गोटे. तिथे चढताना जेवढा वेळ लागतो तेवढाच उतरताना लागतो, गुडघे दुखत असतील तर जास्तच. मोबाइलच्या नकाशात पाच किलोमीटर दिसलं की लोक एक तास धरतात. नाल्यातून चालताना मी तासाला दोन किलोमीटर धरतो, तेही सगळे धडधाकट असतील तर. पाणी माणशी चार लिटर, घरून. "पुढे झरा असेल" यातलं 'असेल' पिता येत नाही. फेब्रुवारी लागला की आपल्याकडचे निम्मे झरे नुसते ओल्या मातीचे डाग उरतात, म्हणून तेव्हापासून मी लांबचे बेत आखतच नाही.

हे सगळं मला 2014 च्या आधीही माहीत होतं. इथेच तर गोम आहे.

त्या डिसेंबरात एका रविवारी मी आणि माझा भाचा, दोघंच, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेलो. तो 19 वर्षांचा. पोलीस भरतीची तयारी चाललेली, रोज पहाटे पळायचा. बेत साधा होता. देवीच्या देवळापासून दरीतून चढायचं, पितळखोऱ्याची लेणी बघायची आणि आल्या वाटेने परत. सहाला घर सोडायचं ठरलेलं, पण बहीण दशम्या आणि भरीत बांधून देते म्हणाली आणि साडेसात झाले. (तिला यात गोवायचं नाही. मला नाही म्हणता आलं असतं.) मोटारसायकल लावून चालायला लागेपर्यंत नऊ वाजले. मग भाचा म्हणाला, "मामा, कण्हेरगड पण करू ना. वाटेतच आहे."

वाटेतच आहे! माझे बहुतेक बेत या दोन शब्दांनी बिघडलेत. कण्हेरगडाने साडेअकरा वाजवले. पितळखोऱ्याला पोचलो तेव्हा अडीच झाले होते. दगडी हत्तींच्या रांगेपुढे बसून दशम्या खाल्ल्या, फोटो काढले, सव्वातीन वाजले.

आता नीट ऐका, कारण लोक इथेच मला मध्येच तोडतात. पितळखोऱ्याच्या वर पायऱ्या चढून गेलं की गाड्या उभ्या असतात. रविवार होता, सहलीला आलेली माणसं होती. वर जायचं, कुणाला तरी विनंती करायची, कन्नडच्या रस्त्याला लागायचं आणि घाट उतरून चाळीसगाव. मोटारसायकल दुसऱ्या दिवशी आणता आली असती. हा पर्याय मला सुचला नाही असं नाही. सुचला, आणि लाज वाटली. भाच्यासमोर लोकांच्या गाडीत बसून डोंगर उतरायचा? लेण्यांवरून निघताना एक गुराखी भेटला, त्याने आमच्याकडे आणि मग दरीकडे पाहिलं. "आते उतरशात? अंधार व्हई जाई." मी हसून हात केला.

पावणेपाच वाजता ऊन गेलं. सूर्य मावळायला तासभर होता, पण ती दरी उत्तरेला उघडते आणि दक्षिणेला सातमाळ्याची भिंत उभी आहे. डिसेंबरातला सूर्य दक्षिणेकडे कललेला, तो त्या भिंतीआड लवकर जाणारच. नववीच्या पोरांना मी दरवर्षी दक्षिणायन शिकवतो. त्याच पाटण्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, शके 1128 चा तसा शिलालेख आहे. तिथे उभं राहून मला सहातून सव्वातीन वजा करता आले नव्हते.

पाच वीसला भाचा घसरला. पडला म्हणण्यासारखंही नव्हतं. पानांवर पाय ठेवला, खालचा गोटा फिरला, आणि तो बसला. मग पावलाकडे बघून म्हणाला, "मामा, हे असं नसतं ना?" खरंच तसं नसतं. घोटा बाहेरच्या बाजूला वळला होता.

मी त्याला खांद्यावर घेऊन पन्नास पावलं गेलो असेन. दोनदा दोघंही आपटलो. मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही तिथे आहोत हे कुणाला सांगितलेलं नव्हतं, बहिणीला फक्त "पाटणादेवीला" एवढं ठाऊक. टॉर्च एकच. आणि ती मी घेतली.

याचं समर्थन मला तोंडपाठ आहे. उजेडाशिवाय मी नाल्यात पडलो असतो तर दोघंही गेलो असतो. हे बरोबर आहे, आजही बरोबर आहे. पण बिबट्याच्या जंगलात पोराला सागाच्या बुंध्याशी बसवून, माझी बंडी त्याच्या अंगावर टाकून, मोबाइलची 11 टक्के बॅटरी त्याच्या हातात देऊन मी टॉर्च घेऊन निघालो, हेही तितकंच खरं आहे. निघताना मी मागे वळून पाहिलं नाही. घाई होती म्हणून, असं मी सांगतो.

लोकांना मी म्हणत आलोय की तो दोनेक तास एकटा होता. तो चार तास एकटा होता. देवळापाशी पोचायला मला साडेसात झाले. तिथल्या माणसांनी एक शब्द न विचारता बांबू आणि सतरंजी घेतली, झोळी केली, आणि माझ्यापुढे पळत निघाली. आम्ही त्याच्यापाशी पोचलो तेव्हा पावणेदहा होत आले होते. हाका मारल्या तर पहिल्या दोन हाकांना ओ आली नाही. त्या दोन हाकांविषयी मी इथे लिहिणार नाही.

त्याने मोबाइल बंद करून ठेवला होता, आम्ही जवळ आल्यावर खूण करायला उजेड उरावा म्हणून. माझ्या डोक्यात न आलेलं नियोजन त्याच्या डोक्यात होतं. तीन वर्षांनी एकदा जेवताना सहज बोलला, "वाळल्या पानांवर ना मामा, उंदीर चालला तरी वाघ चालल्यासारखं वाजतं." मग पुन्हा वांग्याची भाजी वाढून घेतली.

घोट्यात प्लेट बसली. भरती गेली. बहीण दवाखान्यात मला एवढंच म्हणाली, "त्याले एकला सोडी उना तू?" त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघालेला नाही, आणि राखीला ती दरवर्षी येते. भाचा आज मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, बरं चाललंय. तो म्हणतो, भरतीला 165 सेंटिमीटर लागतात, मी 164 च होतो, तसाही बाद झालो असतो. मी त्याला कधी मोजलेलं नाही.

तर हा माझा एक वाजताचा नियम. आता तुम्ही म्हणाल, मग मान्य. थांबा, मलाच तो पुरता मान्य नाही. त्या वेळचा मी अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, पाय काय अंधारात घसरला? पाच वीसला चांगलं दिसत होतं. सकाळी दहालाही तो गोटा फिरलाच असता. खरंय. घोटा नियमाने वाचला नसता. दहाला मोडला असता तर त्या पोराचे चार तास उन्हात गेले असते, एवढाच काय तो फरक. तो फरक मला पुरेसा वाटतो. त्याला वाटत नाही. तो म्हणतो, तू घड्याळाच्या आड लपतोस, कारण टॉर्चचं तुला सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे अस्तंबा. हे उदाहरण मला हमखास देतात. दिवाळीत हजारो माणसं अश्वत्थाम्याच्या डोंगरावर जातात, कित्येक रात्रीची, साध्या चपलेवर, ना तुमचा नकाशा ना तुमचे चार लिटर. मीही गेलोय, आणि गेलो तेव्हा एक वाजताचा नियम घरी ठेवून गेलो. पण तिथे तुम्ही बसलात तर पाच मिनिटांत मागून कुणीतरी येतं, पाणी देतं, हाताला धरतं. आमच्या नाल्यात मागून कुणी येणार नव्हतं. हे उत्तर मी देतो, समोरच्याला ते पटत नाही, आणि रात्री विचार केला की मलाही निम्मंच पटतं.

आणि त्या मनुदेवीच्या ताई. वय 61. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणजे ती त्यांची शेवटची चढाई असावी. टोक खरंच पंचवीस मिनिटांवर होतं, आकाश स्वच्छ, बरोबर आठ माणसं, प्रत्येकाकडे दोन टॉर्च (हाही माझाच नियम). मी फिरवलं. त्या उतरताना माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि आम्ही साडेतीनला खाली होतो, लख्ख उन्हात. अडीच तास शिल्लक. त्यांना काय उत्तर देऊ? त्या दिवशी एक वाजला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, आणि तो त्यांच्या गुडघ्यासाठी नव्हता. भित्रा म्हणायचं तर इथे म्हणा.

परवा भाच्याचा फोन आला. या डिसेंबरात पितळखोरा करू म्हणतो, घोटा आता दुखत नाही. आईला सांगू नको, मी नंतर सांगतो. मी म्हटलं, पाचला निघावं लागेल. तो म्हणाला, चारला निघू मामा, म्हणजे कण्हेरगड पण होईल. वाटेतच आहे.

मी अजून काही कळवलेलं नाही.