गरम शाफ्ट

भाच्याला दहावीत ८४ टक्के पडले आणि त्यानं आयटीआयला टर्नरचा फॉर्म भरतो म्हटलं. घरात सगळ्यात मोठ्यानं ओरडलो तो मी. मी, म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकवीस वर्षं लेथपुढं उभं राहून लोखंड कातणारा टर्नर.

"एवढे मार्क पाडून आयटीआय?"

"मामा, तुझ्या लेथवर तू ढ पोरगा उभा करशील का?"

जीभ चावली. कारण मला माझे सात शाफ्ट आठवले.

आयटीआयची दोन वर्षं संपवून अप्रेंटिस म्हणून लागलो होतो. पंपाच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, ६२०५ नंबरचं बेअरिंग बसायचं. त्याचं भोक २५ मिलिमीटर. शाफ्ट त्याहून मिलिमीटरचा एखादा शतांश जाड ठेवला की बेअरिंग दाबून घट्ट बसतं. मी शेवटचा कट घेतला, मायक्रोमीटर लावला, २५.०१. छाती फुगली. असे सात उतरवले. चहा पिऊन येतो तर मिस्त्रींनी बेअरिंग नुसतं बोटानं सरकवलं, सुळकन आत! परत माप घेतलं, २४.९९.

शाफ्ट कुणी बदलला नव्हता. कापताना पोलाद तापतं आणि फुगतं. २५ मिलिमीटरचा शाफ्ट साठेक अंशांनी तापला तर जवळजवळ दोन शतांश वाढतो, निवला की जागेवर येतो. उष्णतेनं होणारं प्रसरण मी शाळेत पाठ केलं होतं, त्यावर मार्कही घेतले होते. इथं ते चटके देत होतं तरी ओळखलं नाही. मिस्त्री शिव्या देतील असं वाटलं. त्यांनी फक्त सातही शाफ्ट माझ्याच हातानं भंगारात टाकायला लावले, एकेक मोजून.

आता सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलंय, तेच सगळं करतं म्हणतात. करतं की. पण टूल झिजलं की माप सरकतं, आणि ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, किती द्यायचा ते माणूसच ठरवतो.

गोडवे गात नाही. सुरुवातीचा पगार बेताचा, संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, आणि स्थळ आलं की घरचे अजूनही "कंपनीत आहे" एवढंच सांगतात. ताई शेवटी तयार झाली ती आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं हे कळल्यावर. मला जरा लागलं. तिला शिडी पटली, काम नाही.

रविवारी भाचा शॉपवर आला. मी लेथवरनं नुकताच उतरवलेला शाफ्ट त्याच्यापुढं ठेवला, मायक्रोमीटर कसा धरायचा ते दाखवलं. "आई गं" करून त्यानं फडक्यात धरला, डोळे बारीक केले आणि वहीत ठळक लिहिलं, २५.०१.

मी काही बोललो नाही. दोन चहा सांगितले.