कंद कुठल्या सड्यावर खाल्लास?

गणपती विसर्जन झालं की पुढच्या रविवारी आमचं ठरलेलंच असायचं, शिवाजी विद्यापीठ. केएमटीच्या बसनं उतरायचं, घोड्यावरच्या महाराजांना हात जोडायचे आणि चालत डिपार्टमेंटकडं. माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाचा मेळावा. निवृत्त झालेल्या एकदोघा शिक्षकांना कोल्हापुरी फेटा बांधायचा, शाल-श्रीफळ द्यायचं आणि त्यांनी जन्मभर काय शोधलं ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. बाकी कुणाचं भाषण नाही, हे मला लई आवडायचं.

एका वर्षी फिजिक्सचे सर बोलले, कॅम्पसवरचं रडार 80-90 किलोमीटर उंचीवरचा वारा कसा मोजतं त्याबद्दल, भारीच होतं ते. पण मनात बसलंय ते बॉटनीच्या मॅडमचं बोलणं.

मॅडम स्टेजवर कुंडीच घेऊन आल्या. नाजूक वेल, त्याला कंदीलपुष्पाची दोन फुलं. भारतात याच्या 50 हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी फक्त आपल्या पश्चिम घाटात, जगात दुसरीकडं कुठंच नाहीत, त्यातल्या दुर्मिळ जाती आपल्या विद्यापीठाच्या बागेत वाढवून जपल्यात, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मग ब्लेडनं फूल उभं चिरलं. आत दोन बारक्या माश्या, जिवंत! वासाला भुलून माशी नळीत उतरते, आतले केस खाली वळलेले, त्यामुळं वर चढता येत नाही, फूल कोमेजायला लागलं की केस सुकतात आणि माशी परागकणांचे गठ्ठे तोंडाला चिकटवून बाहेर पडते, पुढच्या फुलात परत अडकायला. आम्ही सगळे खुर्च्या सोडून स्टेजपाशी जमलेलो, पन्नाशीची माणसं पण पोरांसारखी वाकून बघत होती.

ही झाडं कमी का झाली, तर चराई, जांभ्याच्या खाणी आणि कंद. कंद गोड, गुराखी खणून खातात. हे ऐकलं आणि माझ्या पोटात कालवलं, कारण मी पन्हाळ्याकडचा, म्हशी राखताना सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, असले कंद आम्ही मूठमूठभर खाल्लेत. जेवणाच्या वेळी, मिसळीचं ताट तसंच हातात धरून, मी मॅडमना ते सांगून टाकलं. वाटलं रागावतील.

त्या क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या आणि पर्समधनं वही काढली. "कुठल्या सड्यावर खाल्लास बाळा? नीट सांग, वाट कुठनं आहे?"

मी वाट सांगितली, वहीत नकाशा काढून दिला. पुढच्या वर्षी मेळाव्यात फेटेबिटे सुरू व्हायच्या आधीच त्यांनी मला लांबनं हाक मारली. पोरांना घेऊन त्या जाऊन आल्या होत्या. तीन वेल सापडले होते, एकाला शेंगा धरलेल्या.