डोळ्याची खोबणी मोडली, आणि अडलं एका रेफर चिठ्ठीवर

बेळगावजवळच्या जांबोटी रस्त्यावर धाकट्या भावाची गाडी घसरली आणि गाल दगडावर आपटला. सूज उतरायला लागली तसं खरं दुखणं कळलं. वर बघितलं की त्याला एकाचे दोन दिसायचे, डावा गाल वरच्या ओठापर्यंत बधिर. सीटी स्कॅनमध्ये खोबणीचा तळ मोडलेला दिसला. तिथलं हाड पापडाएवढंच पातळ असतं, आणि डोळा खाली वळवणारा स्नायू त्या फटीत अडकला होता. सर्जन म्हणाले, "सूज उतरू दे, पण दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. नंतर आतलं सगळं चिकटत जातं."

आमचं बीपीएल कार्ड. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण इमर्जन्सी नसेल तर खाजगी दवाखान्यात जायला सरकारी दवाखान्याची रेफर चिठ्ठी लागते. तिथंच अडकलो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याचं हाड मोडलंय, दातांच्या विभागात जा. तिथं सांगितलं, डोळ्याचं आहे, परत तिकडंच जा. सही करणारे साहेब मीटिंगला. खिडकीवरचा माणूस वर न बघताच म्हणाला, "दिसतंय न्हवं त्याला? मग गडबड कसली?" भाऊ शेजारीच उभा होता, डाव्या डोळ्यावर तळहात धरून. तसं केल्याशिवाय त्याला जिन्याची पायरी नीट दिसत नव्हती. आठवडा संपत आलेला, आणि "उद्या या" ऐकलं की माझ्या अंगाची आग व्हायची. आजही तो जिना आठवला की संताप येतो.

शेवटी सर्जनकडून लेटरहेडवर लिहून आणलं : स्नायू अडकला आहे, अमुक तारखेच्या आत ऑपरेशन आवश्यक. तो कागद थेट मेडिकल ऑफिसरांच्या टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या चिठ्ठी मिळाली. म्हणून सांगते, तारीख पहिल्याच दिवशी लिहून घ्या. तोंडी कुणी ऐकत नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. खालच्या पापणीच्या आतून छेद, टायटॅनियमची जाळी, बाहेर व्रण नाही. रात्रभर सिस्टर टॉर्च मारून "बोटं किती?" विचारायच्या. भाऊ वैतागला, पण डोळ्यामागं रक्त साठलं तर नजर जाऊ शकते, त्यामुळं त्यांना विचारू द्या.

शिंकरू अजिबात देऊ नका, ऑपरेशनआधीही नाही. खोबणीखाली गालाच्या हाडात नाकाला जोडलेली पोकळी (सायनस) असते, तिथली हवा वर शिरून डोळा फुगतो.

पोर पडलं असेल तर जास्त सावध राहा. डोळा वरून पांढरा स्वच्छ दिसतो, पण पोर उलट्या करतं आणि वर बघत नाही. लहानांत स्नायू चिमटला की दोन आठवडे थांबायचं नसतं. ती इमर्जन्सीच, चिठ्ठीसाठी अडून राहू नका.

आणि अपघात असला की पहिल्या दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांसाठीची) नोंद होते, तिची प्रत मागून घ्या. आमच्याकडं ती पुढं दोनदा मागितली.

भावाला आता समोरचं एकच दिसतं. अगदी वर बघितलं तर किंचित दोन, तेही कमी होतंय. गाल अजून बधिर आहे, नस सावरायला महिने लागतात म्हणे.