ब्रुज : कालव्यांच्या काठी एक रात्र तरी राहावे

बेल्जियममध्ये ब्रसेल्सहून रेल्वेने साधारण तासाभरात ब्रुजला पोहोचता येते, त्यामुळे अनेक सहली हे शहर अर्ध्या दिवसात उरकतात. माझा मात्र आग्रह आहे की येथे किमान एक रात्र मुक्काम करावा. दुपारी मार्क्ट चौकात आणि रोझेनहुडकाई या धक्क्यावर उभे राहायलाही जागा नसते. बसगाड्या परतल्या की तेच रस्ते मोकळे होतात आणि विटांच्या त्रिकोणी माथ्यांची घरे निवांतपणे पाहता येतात. स्थानकावरील फलकांवर शहराचे नाव ‘ब्रुगे’ असे असते, हे ध्यानात ठेवावे. तेथून जुन्या भागात पंधरा-वीस मिनिटांत चालत जाता येते.

हे शहर इतके जुने राहिले याचे कारण त्याच्या पडत्या काळात आहे. ११३४ मधील समुद्री वादळाने शहराला समुद्राकडे नेणारी झ्विन खाडीची वाट रुंदावली आणि इंग्लंडची लोकर, भोवतालच्या फ्लँडर्स प्रांताचे कापड व इटलीच्या पेढ्या यांच्या जोरावर ब्रुज उत्तर युरोपची मोठी बाजारपेठ बनले. पुढे खाडी गाळाने भरत गेली, व्यापार अँटवर्पकडे सरकला आणि जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा शहरात उरला नाही. अर्थात, आज दिसणारे अनेक दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकात जुन्या शैलीत दुरुस्त केलेले किंवा नव्याने उभारलेले आहेत, हे जाणून पाहिले तर नजर अधिक चोखंदळ होते. २००० साली शहराच्या जुन्या भागाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

मार्क्ट चौकातील ८३ मीटर उंच घंटामनोऱ्याच्या ३६६ पायऱ्या वर जाताना अरुंद होत जातात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालच्या चौकातूनच घंटांचे संगीत ऐकावे, इतरांनी वेळ आधी राखून सकाळीच चढावे. वेळ कमीच असेल तर मनोरा सोडावा, पण आता संग्रहालय असलेल्या जुन्या सेंट जॉन रुग्णालयातील, पंधराव्या शतकातील चित्रकार हान्स मेमलिंगची चित्रे सोडू नयेत. १४८९ मधील संत उर्सुलाची लाकडी मंजुषा (पवित्र अवशेषांची पेटी) पाहताना मी सर्वाधिक वेळ रेंगाळलो, कारण हाताएवढ्या चौकटींत त्याने जहाजे, शहरे आणि चेहरे विलक्षण बारकाईने रंगवले आहेत. समोरच्याच आवर लेडी चर्चमध्ये मायकेलअँजेलोची संगमरवरी माता आणि बालक आहे. ही मूर्ती १७९४ मध्ये फ्रेंचांनी आणि १९४४ मध्ये जर्मनांनी पळवली होती, दोन्ही वेळा ती परत आली.

नौकाविहार सुमारे अर्ध्या तासाचा असतो आणि हिवाळ्यात बहुधा बंद असतो. शाकाहारी मंडळींनी एक चौकशी अवश्य करावी : बेल्जियममध्ये बटाट्याचे तळलेले काप अनेक ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, म्हणून वनस्पती तेल वापरतात का, हे विचारूनच मागवावेत. रस्ते दगडी फरसबंदीचे असल्याने चाकांच्या बॅगा ओढणे कष्टाचे होते; सामान मुक्कामी ठेवून निघावे.

दुसऱ्या सकाळी पूर्वेकडील सेंट अ‍ॅना वस्तीतून तटबंदीवरील पवनचक्क्यांपर्यंत चालत जावे, आणि हवा चांगली असल्यास भाड्याच्या सायकलीने कालव्याकाठच्या सरळ, सपाट रस्त्याने डाम या छोट्या गावी जावे. हे ब्रुजचे जुने बाह्य बंदर होते आणि अंतर अवघे सहा-सात किलोमीटर आहे.