चेस्की राय, सायकलवर दोन दिवस: चढ छोटे, पण हिशोब मोठा

आम्ही मॅप बघून फसलो, हे आधीच सांगून टाकतो. प्रागहून ट्रेनने साधारण दोन तासांवर, ईशान्येला चेस्की राय नावाचा भाग आहे, राय म्हणजे स्वर्ग. वालुकाश्माचे सुळके, पाइनचं जंगल, तळी आणि दर थोड्या अंतरावर एक किल्ला. मी प्रागमध्ये राहतो, माझा मावसभाऊ ऑफिसच्या कामाने पुण्याहून आला होता आणि शनिवार-रविवार मोकळा होता. दादा दर रविवारी सिंहगड करणारा माणूस. त्याने मॅपवर उंच्या बघितल्या, गावं अडीचशे ते साडेचारशे मीटरवर, आणि म्हणाला, "अरे हे तर सपाट आहे, मी सकाळी चहाच्या आधी करेन."

दुपारी दोनपर्यंत दादाचा आवाज बंद झाला होता.

कारण इथे घाट नाही. आपल्याकडे कसं, एकदा खडकवासला सोडलं की चढ सुरू, मग एक गिअर धरायचा, श्वास लावायचा आणि वर जायचं. इथे सगळा भाग म्हणजे वालुकाश्माचं पठार आणि ओढ्यांनी त्यात कापलेल्या अरुंद दऱ्या. रस्ता दरीत उतरतो, पूल ओलांडतो आणि लगेच समोरच्या अंगाने वर चढतो. पाचशे-सहाशे मीटर लांबीचा चढ, मध्येच कुठे बारा-तेरा टक्के, तो संपतोय तोवर परत उतार. लय लागतच नाही. दिवसाअखेर किलोमीटर बघितले तर पन्नासच्या आत, पण मांड्या शंभर झाल्यासारख्या. त्यात दादाची भाड्याची रोड बाइक होती आणि मागची सगळ्यात मोठी चकती 28 दातांची. तुम्ही भाड्याने घेणार असाल तर दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा, पुढे 34 दात आणि मागे 32 किंवा 34 (मागे दात जास्त तितका चढ हलका) मिळत असेल तर दोनशे क्राउन जास्त गेले तरी चालतील. टायर 28 एमएमचे घ्या, 25 नको, का ते पुढे येईलच.

सुरुवात तुर्नोव्हहून. प्रागच्या मुख्य स्टेशनवरून थेट ट्रेन आहे. टाइमटेबलमध्ये सायकलचं चिन्ह आहे का ते बघूनच तिकीट काढा, आणि सायकलचं वेगळं तिकीट लागतं. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी या गाडीत सायकलींची इतकी गर्दी असते की आमच्या डब्यात एका आजोबांनी स्वतः उभं राहून सगळ्यांच्या सायकली कोण आधी उतरणार त्या क्रमाने लावून दिल्या. शक्य असेल तर पहिली गाडी पकडा.

तुर्नोव्हहून यिचीनला जाणारा हायवे आहे, 35 नंबरचा. त्यावर जाऊ नका, ट्रक कानाला लागून जातात. बारीक रस्ते भरपूर आहेत. आम्ही आधी वाल्डश्टेयन बघितला, तुर्नोव्हपासून अगदी जवळ. किल्ल्यात शिरायला दगडी पूल आणि त्यावर संतांचे पुतळे, खाली सरळ दरी.

आणि इथे आमची चूक झाली. चेकमध्ये सायकलमार्गाला पिवळ्या पाट्या असतात, त्यावर नंबर. वाल्डश्टेयनहून ह्रुबा स्कालाकडे एक पिवळी पाटी जंगलात जाताना दिसली, बाण बरोबर दिशेला, अंतर पण कमी, मी म्हटलं चला. पाटी सायकलची आहे याचा अर्थ रस्ता डांबरी आहे असा अजिबात होत नाही! पहिलं अर्धा किलोमीटर ठीक होतं, मग मुळं आली, मग वाळू. साधी माती नाही, खडक झिजून झालेली पांढरट पिवळी वाळू, आपल्या अलिबागच्या किनाऱ्यासारखी कोरडी आणि खोल. पुढचं चाक खुपसलं गेलं आणि मी क्लीट (बूट पेडलला अडकवणारी खटकी) काढायच्या आधीच सायकलसकट हळूच आडवा. लागलं नाही, इज्जत गेली. वीस मिनिटं सायकली खांद्यावर घेऊन चाललो, समोरून एक बाई दोन लहान मुलांना घेऊन माउंटन बाइकवर आरामात आल्या आणि "अहोय" करून गेल्या. त्यामुळे एक करा, रात्री मापी नावाचं चेक ॲप ऑफलाइन डाउनलोड करून घ्या, त्यात रोड सायकलचा पर्याय निवडला की कच्चे रस्ते टळतात. पिवळ्या पाट्या फक्त गावाची दिशा कळायला वापरा.

तरी जंगलातून चालल्यामुळे एक फायदा झाला. मारियान्स्का व्हिहलीदका नावाचा पॉइंट लागला, जिथून सुळक्यांची अख्खी गर्दी, त्यामागे ह्रुबा स्कालाचा वाडा आणि मागे क्षितिजावर त्रोस्कीचे दोन शेंडे दिसतात. एका सुळक्यावर दोघं चढत होते, दोरीला मध्ये मध्ये गाठी मारलेले पट्टे. दादा ट्रेकर असल्याने थांबलाच. इथला दगड इतका मऊ की खाचेत धातूची साधनं अडकवायला बंदी आहे, गाठ मारलेला पट्टा फटीत बसवायचा आणि त्याच्या भरवशावर जायचं. ओल्या दगडावर चढणं पण मना. दादाने कडेच्या खडकावर अंगठा घासला तर खरंच दाणे हाताला आले. आपल्या सह्याद्रीत अंगठ्याचं कातडं जाईल, दगडाला काही होणार नाही.

सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेली ही वाळू. पण त्रोस्की वेगळाच! लांबून बघितलं की दोन काळी शिंगं आणि प्रत्येकावर एक बुरुज. हा बेसाल्ट आहे, म्हणजे आपलाच दगड. वालुकाश्मातून लाव्हा वर आला, नळीत थिजला, बाजूचा मऊ दगड वाहून गेला आणि हे दोन खुंट उभे राहिले. दादा पायथ्याशी सायकलवरून उतरून दगडाला हात लावून म्हणाला, "हा घरचा आहे." उंच बारीक सुळका पन्ना, म्हणजे कुमारिका, 57 मीटर. बुटका जाडा तो बाबा, 47 मीटर. आणि चेकमध्ये बाबा म्हणजे म्हातारी बाई, हे ऐकल्यावर दादा पुढे दोन दिवस मला फोनवर आमच्या काकांबद्दल जोक मारत होता. किल्ला चौदाव्या शतकाच्या शेवटचा. पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, पण शेवटचा तुकडा सगळ्या दिवसात सगळ्यात खडा. क्लीट घालून वर पायऱ्या चढू नका, दगड गुळगुळीत आहेत, मी चप्पल आणली होती म्हणून वाचलो.

इथे एक शब्दांचं बघून ठेवा. ह्राद म्हणजे लढाऊ किल्ला, झामेक म्हणजे सरदाराचा वाडा. पाटीवर झामेक असेल तर आत गालिचे आणि झुंबरं, ह्राद असेल तर भिंती आणि वारा. सोमवारी बहुतेक ठिकाणी कुलूप असतं, आणि एप्रिल व ऑक्टोबर या दोन महिन्यांत बरेच फक्त शनिवार-रविवारी उघडे.

त्रोस्कीहून उतरताना तळ्यांची दरी लागते, रस्ता जंगलातून, सावली, गाड्या जवळजवळ नाहीत, दोन दिवसांतला सगळ्यात सुंदर तुकडा. पण दुपारी सर येऊन गेली होती आणि इथेच ती टायरची गोष्ट. पाऊस पडला की खडकावरची वाळू वाहून रस्त्यावर येते आणि नेमकी वळणाच्या आतल्या बाजूला पातळ थर करून बसते. सावलीत ती डांबराच्याच रंगाची दिसते. टायरखाली कर्रकर्र असा आवाज आला की ब्रेक दाबू नका, सायकल सरळ करा आणि जाऊ द्या. दादाने ब्रेक दाबला. मागचं चाक हातभर सरकलं, पाय टेकला म्हणून निभावलं. त्यानंतर प्रत्येक उतारावर वळणाच्या आधीच वेग कमी, वळणात ब्रेक नाही, आणि मी पुढे असलो की ओरडायचं, "वाळू!"

कोस्त किल्ला दरीच्या तोंडाशी बसलाय, वालुकाश्माच्या बेटासारख्या खडकावर. कोस्त म्हणजे हाड. दंतकथा अशी की वेढा घालून दमलेला सेनापती म्हणाला, हा किल्ला हाडासारखा कडक आहे आणि हाड कुत्र्यालाच लखलाभ. दादाने "कोल्ह्याला द्राक्षं आंबट" म्हणून एका वाक्यात निकाल लावला.

मुक्काम सोबोत्काला, छोटं गाव, रूम आधी बुक करा आणि सायकल आत ठेवू देतात का ते विचारा. गावाबाहेर टेकडीवर हुम्प्रेख्त नावाचा लंबगोल वाडा आहे आणि त्याच्या टोकावर चक्क चंद्रकोर. सतराव्या शतकातल्या मालकाने इस्तंबूलच्या गलाता मनोऱ्यावरून कल्पना घेतली म्हणे. संध्याकाळी उन्हात बघा.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर स्माझेनी सीर, म्हणजे चीजची जाड वडी ब्रेडक्रम्ब्समध्ये घोळवून तळलेली, सोबत बटाटे. दुपारच्या जेवणात खाऊ नका, पुढचा चढ पोटात घेऊन चढावा लागतो. ब्लूबेरी भरलेले क्नेडलीकी मात्र राइडसाठी उत्तम, आपल्या मोदकाचे लांबचे जाड नातेवाईक. "बेझ मासा" (म्हणजे मांसाशिवाय) म्हटलं तरी हॅमचे तुकडे येऊ शकतात, त्यांच्या हिशोबात हॅम म्हणजे मांस नव्हे असं माझं ठाम मत झालंय. कोफोला प्या, तिथला कोला, औषधी वासाचा, सवय लागते. बिअर संध्याकाळी सायकल ठेवल्यावर. छोट्या खानावळीत कार्ड चालेलच असं नाही, थोडी रोकड ठेवा. नळावर "पितना वोदा" (पिण्याचं पाणी) लिहिलं असेल तरच बाटली भरा.

दुसऱ्या दिवशी प्राखोव्हचे खडक, सायकल बाहेर कुलूप लावून तिकीट काढून पायी बघायचे, दीड तास धरा. मग यिचीन. चौकात दगडी फरशी आहे, 28 एमएमवर पण दात वाजतात. हे गाव वालेन्स्टाइन नावाच्या सेनापतीने सतराव्या शतकात राजधानीसारखं बांधायला घेतलं, नंतर 1634 मध्ये त्याचाच खून झाला. कमानींखाली कॉफी घेतली आणि निघालो.

कारण पुढे कोझाकोव्ह. 744 मीटर, या भागातला सगळ्यात उंच डोंगर. आम्ही लोम्नित्सेच्या बाजूने गेलो, वरपर्यंत डांबर. आणि गंमत म्हणजे हा एकच चढ दादाला आवडला, कारण सलग होता. दोन दिवस माझ्यामागे कुथत होता तो इथे "येतो मी" म्हणून पुढे निघून गेला आणि मी वर पोचलो तेव्हा सूप संपवून बसला होता. वरून एका बाजूला क्रकोनोशे पर्वत, दुसऱ्या बाजूला त्रोस्कीची दोन शिंगं, कालपासून बारा ठिकाणांहून दिसलेली.

उन्हाळ्यात रस्ते दुरुस्तीला बंद असतात, पिवळ्या पाटीवर "ओब्यीझ्दका" दिसलं की तो वळसा आहे. ताकद उरली असेल तर तुर्नोव्हहून यिझेरा नदीकाठी माला स्कालापर्यंत सपाट सायकलमार्ग आहे, घरच्यांना मुलांसकट आणलं तर फक्त तोच करा. आमची ताकद उरली नव्हती. रविवारच्या संध्याकाळच्या गाडीत सायकलला जागा मिळायची मारामार, म्हणून अर्धा तास आधी फलाटावर. दादा बाकावर बसून बुटातली वाळू झटकत होता. निम्मी झटकली आणि उरलेली चिमूटभर गोळीच्या कागदात पुडी बांधून जर्सीच्या खिशात टाकली. सिंहगडावर नेणार म्हणतो.