गेमिंग संगणक जुळवण्याआधी घरची वीज तपासून घ्यावी

गेमिंग संगणक पहिल्यांदाच स्वतः जुळवणाऱ्या माणसाचे सगळे लक्ष प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक्स कार्ड कोणते या दोन प्रश्नांवर असते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण पैसा तिथेच जातो. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घरात असा संगणक उभा करताना मात्र माझे मत असे झाले की प्रत्यक्ष जुळवणी हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. बहुतेक भाग चुकीच्या जागी बसूच नयेत अशी त्यांची घडण असते. खरे काम जुळवणीच्या आधी आणि नंतर असते: आधी त्या यंत्राला चांगली वीज मिळवून द्यायची आणि नंतर त्याला त्याच्या पूर्ण क्षमतेने चालायला लावायचे. जुळवणीचे जे व्हिडिओ आपण पाहतो, त्यांत यातल्या पहिल्या भागाचा उल्लेख क्वचितच असतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहीत आहे.

माझे वडील निवृत्त वायरमन आहेत. खोकी घरी आल्यावर त्यांनी विचारले, "हा लावणार कुठल्या बोर्डाला? तिथं अर्थिंग आहे का बघितलंस?" मी म्हटले, "बाबा, सॉकेट तीन पिनांचा आहे की." त्यावर ते म्हणाले, "अगं, भोकं तीन असली म्हणजे आत तारा तीन असतात असं नाही." त्यांनी मल्टिमीटर आणला. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्टच्या आसपास आकडा आला, तो अपेक्षितच होता. पण फेज आणि अर्थ यांच्यामध्येही जवळजवळ तेवढाच आकडा यायला हवा, तो येईना. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमचा तळमजला पाण्याखाली होता, आणि पूर ओसरल्यावर भिजलेले बोर्ड घाईघाईने बदलून घेताना दोनच तारा जोडल्या गेल्या होत्या. तिसरी हिरवी तार भिंतीच्या आत दुमडून तशीच राहिली होती. पंखा, दिवा, फोनचा चार्जर यांना त्याने काही फरक पडला नाही, त्यामुळे इतकी वर्षे कोणाला कळलेही नाही.

संगणकाला मात्र फरक पडतो, आणि का पडतो हे समजून घेण्यासारखे आहे. एसएमपीएसच्या, म्हणजे घरची वीज संगणकाला हवी तशी बदलून देणाऱ्या खोक्याच्या, आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात; त्यांतला एक फेजकडून आणि दुसरा न्यूट्रलकडून धातूच्या खोक्याला जोडलेला असतो, आणि तिथून तो गोंगाट अर्थच्या तारेतून जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थची तार तुटकी असेल तर ते खोके, आणि त्याला जोडलेले सगळे कॅबिनेट, फेज आणि न्यूट्रल यांच्या अधेमध्ये, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे जिवाला धोका नसतो, पण मागच्या स्क्रूला हात लागला की बोटांना मुंग्या येतात, आणि चित्र वाहून नेणारी एचडीएमआयची केबल चालू संगणकातून दुसऱ्या उपकरणात घालताना त्याच विजेने पोर्ट जळू शकतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की पुढे कधी आतले इन्सुलेशन खरोखरच निकामी झाले, तर सगळे कॅबिनेट फेजवर येईल आणि प्रवाह वाहून न्यायला वाटच नसेल. काही जण यावर उपाय म्हणून अर्थची पिन सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडतात. तो उपाय अतिशय धोकादायक आहे, कारण न्यूट्रल कुठे तुटली की कॅबिनेट थेट जिवंत होते.

बाबांनी तार पुन्हा जोडली आणि अर्थिंगचा खड्डाही तपासला. आपल्याकडची काळी माती ओली असते तोवर वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती वाळून भेगाळली की खड्ड्यातला रोध वाढतो, म्हणून मार्चपासून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. हे काम ज्याला येते त्यानेच करावे. ज्यांच्या घरी वायरमन नाही त्यांनी संगणकाच्या एकूण खर्चात वायरमनची मजुरी धरूनच चालावे.

दुसरा प्रश्न यूपीएसचा, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर संगणक चालू ठेवणाऱ्या उपकरणाचा होता. माझ्या संगणकात रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर आहे, जो जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, आणि आरटीएक्स ४०६० हे कार्ड आहे, जे ११५ वॅट घेते. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांना मिळून पन्नास-साठ वॅट धरले, एसएमपीएसमधली घट आणि मॉनिटर मिळवला, तर बेरीज तीनशेच्या आसपास जाते. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. म्हणजे कागदावर तो पुरतो, पण इतक्या काठावर चालवणे मला पटले नाही, म्हणून १००० व्हीए, ६०० वॅटचा घेतला. घरात इन्व्हर्टर आहे तर यूपीएस कशाला, असेही आम्हाला विचारण्यात आले. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर संगणकाला सुमारे १६ मिलिसेकंद सावरून धरतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन पूर्ण होण्याइतकाही नाही. साध्या मोडवर ठेवलेला इन्व्हर्टर पुष्कळदा त्याहून सावकाश बदल करतो आणि तेवढ्यात संगणक बंद पडतो. यूपीएसवर खेळत बसायचे नसते. खेळ जतन करून संगणक शिस्तीत बंद करण्यापुरती मिनिटे मिळाली की त्याचे काम झाले. बायोस, म्हणजे मदरबोर्डातले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करतानाही यूपीएस असलाच पाहिजे, कारण त्या वेळी मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

जुळवणीबद्दल फार लिहीत नाही. या प्रोसेसरसोबत आलेल्या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते. त्याचे चार स्क्रू कोपऱ्याला कोपरा असे आलटूनपालटून थोडेथोडे आवळायचे. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. एसएसडीवरच्या धातूच्या पट्टीखालची प्लास्टिकची फिल्म काढायची. आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला जोडायची, मदरबोर्डाला नव्हे. या प्रोसेसरमध्ये स्वतःचे छोटे ग्राफिक्स असल्यामुळे मदरबोर्डाला केबल लावली तरी चित्र दिसते, आणि महागडे कार्ड बाजूला पडून आहे हे खेळ अडखळू लागेपर्यंत कळतही नाही.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतात आणि पडदा मात्र काळाच राहतो. अशा वेळी घाबरून पुन्हा बटण दाबू नये. डीडीआर५ रॅमशी प्रोसेसरची ओळख होण्यासाठी, ज्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, पहिल्या वेळी कित्येक मिनिटे लागू शकतात. "चालू झालाय का नाही?" असे बाबांनी दोनदा विचारले, चित्र आल्यावर ते स्वतःच खुर्ची ओढून बसले.

विंडोज बसले, चित्र आले, की संगणक तयार झाला असे वाटते. परंतु तो तेव्हा सर्वांत सुरक्षित आणि म्हणूनच सर्वांत संथ बेतावर चालत असतो. माझी रॅम ६००० वेगाची आहे, पण बायोसमध्ये रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी एक्स्पो नावाची सोय चालू करेपर्यंत ती ४८०० वरच चालत होती. ती चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंग पुन्हा एकदा होते, हे ध्यानात ठेवावे. मॉनिटर १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा आहे, पण विंडोजने तो ६० वर ठेवला होता. 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये जाऊन तो आकडा हाताने बदलावा लागला. साठवर एक चित्र साडेसोळा मिलिसेकंदांहून जास्त काळ पडद्यावर टिकते, तर १६५ वर सहा मिलिसेकंदांच्या आसपास, आणि हा फरक माउस हलवताक्षणी जाणवतो. माझ्या मते कार्ड एका पायरीने वरचे घेण्यापेक्षा या दोन फुकटच्या सेटिंगांकडे आधी बघावे. व्हॅलोरंट हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी: विंडोज ११ वर त्या खेळाला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बायोसमधल्या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात, आणि स्वतः जुळवलेल्या संगणकात सिक्युअर बूट पुष्कळदा बंदच असते. मदरबोर्डाच्या नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा, कारण विंडोजचे सेटअप नेट मागते आणि ड्रायव्हरविना नेट चालत नाही.

राहिला प्रश्न उष्णतेचा. पंखा खोलीतलीच हवा आत घेतो, त्यामुळे खोलीचे तापमान दहा अंशांनी चढले की प्रोसेसरचेही साधारण तेवढेच चढते. आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे, त्यापुढे तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणून टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट न ठेवता ते उघड्यावर, भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंच ठेवले आहे, म्हणजे केर काढताना उडालेली धूळ थेट पुढच्या जाळीत जात नाही. उन्हाळ्याच्या दुपारी मी खेळातल्या फ्रेमची, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांची मर्यादा १२० वर आणते. त्याने कार्डाला कमी वीज लागते, पंख्यांचा आवाज उतरतो आणि खेळात फारसे उणे वाटत नाही. पुढची जाळी निघते, ती नळाखाली धुऊन पूर्ण वाळवून परत बसवायची, आणि हे काम पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यात अधिक वेळा करावे लागते.