कॅम्पातला फेंडर

आज बेळगावात कॅम्पातल्या एका काकांकडं फेंडरचा सिल्व्हरफेस (चंदेरी पॅनेलचा) प्रिन्स्टन रिव्हर्ब हा जुना गिटार अॅम्प्लिफायर बघून आलो. काका म्हणाले, "साठ वर्षं जुना हाय की!" मागची फळी काढली. ट्रान्सफॉर्मरवरच्या कोडात आधी ६०६, म्हणजे तो बनवणारी कंपनी शूमाकर. पुढचा ७ हा वर्षाचा शेवटचा आकडा, पण १९६७ की १९७७? सोबतच्या रेडिओवाल्या दोस्तानं चासी (आतला धातूचा सांगाडा) उघडली. पॉटवर, म्हणजे आवाजाच्या बटणामागच्या भागावर, वर्ष दोन आकड्यांत होतं: ७७. दहा वर्षांत किंमत केवढी उतरते!

ट्यूब नव्या होत्या, त्याचं काही नाही, त्या झिजणारच. वीज साठवणारे फिल्टर कपॅसिटर बदललेले, हे तर बरंच, जुने सुकतात. (स्वतः आत हात घालू नका. प्लग काढला तरी तिथं ४०० व्होल्ट साठलेले असू शकतात.) ट्रान्सफॉर्मर दोन्ही मूळचे, खरा जीव त्यातच. स्पीकरचा कोन मात्र नवा बसवलेला, तिथं पैसे कापले. शिवाय अमेरिकेतला १२० व्होल्टचा माल, आपली वीज तेवढ्यावर उतरवणाऱ्या स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरचा खर्च वेगळा.

आकडा सांगितला तसा काकांचा चेहरा पडला. "निपाणीचा एक पोरगा जास्त देतोय बघ."

"मग त्यालाच द्या की, काका."

शनिवारी परत बोलावलंय.